हृदयाच्या आरोग्याचं ॲप: काय मोजायचं, काय दाखवायचं आणि पैसे कशाचे घ्यायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांची टीम आहे, एक प्रोग्रॅमर आणि एक डिझायनर. नाडी, बीपी, झोप, चालणं, ताण आणि आहार हे सगळं एकाच ठिकाणी देणारं मोबाइल ॲप करायचंय. डाउनलोड मोफत, त्यात जाहिराती आणि वर प्रीमियम सबस्क्रिप्शन. सुरुवात कुठून करावी आणि यात पैसे खरंच मिळतात का?

पैसे मिळतात, पण या यादीतून नाही. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या ॲपवर काम करतोय आणि आमची पहिली आवृत्ती जवळजवळ तुमच्या यादीसारखीच होती. सहा टॅब होते. लोक पहिल्या दिवशी सहाही उघडून बघायचे आणि आठवड्याभरात ॲप विसरायचे.

हृदयाचं ॲप कुणी सहज म्हणून डाउनलोड करत नाही. कुणाला डॉक्टरांनी ‘घरी बीपी लिहून ठेवा’ असं सांगितलेलं असतं, कुणाच्या घरात नुकताच कुणाला अटॅक येऊन गेलेला असतो, कुणाच्या घड्याळाने अनियमित ठोक्यांची सूचना दिलेली असते. या तिघांना वेगवेगळी ॲप्स लागतात. दोघांच्या टीमने एकच माणूस निवडावा, आणि माझं मत विचाराल तर पहिला. त्याच्याकडे रोज ॲप उघडायला कारण आहे, आणि पुढच्या भेटीत ते आकडे बघणारं कुणीतरी आहे. बाकीच्या दोघांकडे काळजी असते, काम नसतं.

आता मोजमापाकडे या, कारण डिझाइनमधल्या निम्म्या चुका इथे होतात. कॅमेऱ्यावर बोट ठेवून फ्लॅश लावला की नाडी मोजता येते. प्रत्येक ठोक्यागणिक बोटातलं रक्त कमीजास्त होतं, त्यामुळे शोषला जाणारा प्रकाश बदलतो, आणि ती लाट मोजायची. बोट स्थिर आणि उबदार असेल तर मिनिटाचे ठोके ठीक येतात. पण त्याच कॅमेऱ्यावरून ‘ताणाचा स्कोअर’ काढायला गेलात की पाय घसरतो. तो स्कोअर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी बदलतं यावर काढतात. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेत असेल तर दोन चित्रांत 33 मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि तुम्हाला जो फरक शोधायचाय तोच बऱ्याचदा 20 ते 50 मिलिसेकंदांचा असतो. मधले बिंदू गणिताने भरून काढता येतात, पण ते मन लावून करावं लागतं. बाजारातली बरीच ॲप्स ते करत नाहीत आणि निव्वळ गोंगाटाला सुंदर गोल तबकडीत बसवतात.

आणि फोनने बीपी मोजायचं नाव काढू नका. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं एक ॲप 2014 ते 2015 मध्ये चार-पाच डॉलरला विकलं जात होतं आणि धडाक्यात खपलं. फोन छातीला लावायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, की आकडा हजर. 2016 मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की ज्यांचं बीपी वाढलेलं होतं अशा पाचांपैकी जवळजवळ चार जणांना ॲपने ‘नॉर्मल’ म्हणून सोडलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर कारवाई केली. ॲपलच्या नियमावलीत आता स्पष्ट लिहिलंय की फक्त फोनच्या सेन्सरवर बीपी, साखर किंवा रक्तातला ऑक्सिजन मोजण्याचा दावा करणारी ॲप्स चालणार नाहीत. बीपी दंडाला पट्टा बांधूनच मोजा. तुमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

नियमांबद्दल फार लिहीत नाही, देशागणिक फरक आहे. पण एक गोष्ट सगळीकडे लागू पडते: तुमचं ॲप वैद्यकीय उपकरण ठरतं की नाही हे कोडपेक्षा तुमच्या दाव्याच्या वाक्यावर जास्त ठरतं. ‘तुमच्या नोंदी नीट ठेवा’ हे एक वाक्य आणि ‘उच्च रक्तदाब वेळीच ओळखा’ हे दुसरं. अमेरिकेत एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं, साध्या तंदुरुस्तीच्या ॲप्सना मोकळीक देतं. युरोपात 2021 पासून लागू असलेल्या नियमांत निदान किंवा उपचाराच्या निर्णयासाठी माहिती देणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वरच्या, म्हणजे जास्त कडक तपासणीच्या वर्गात जातं. आमचं ॲप साधी नोंदवही होतं. पण स्टोअरच्या पानावर मार्केटिंगवाल्याने उत्साहात ‘हृदयविकाराचा धोका ओळखा’ असं घातलं, आणि त्या एका ओळीपायी आम्ही दोन महिने कागदपत्रांत अडकलो. स्टोअरचं पान, स्क्रीनशॉटवरचा मजकूर, जाहिरातीतलं वाक्य, सगळं एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.

दहा वर्षांच्या धोक्याची टक्केवारी काढणारी सूत्रं पहिल्या आवृत्तीत नकोतच. अमेरिकेत 2013 ची होती, 2023 मध्ये नवी आली, ब्रिटनची वेगळी आहेत. प्रत्येक सूत्र त्या त्या लोकसंख्येवर बेतलेलं असतं आणि बहुतेकांना कोलेस्टेरॉलचा आकडा लागतो. वापरणाऱ्याकडे रिपोर्ट नसतो, तो अंदाजे काहीतरी भरतो, आणि तुम्ही त्याला दशांशचिन्हासकट भविष्य सांगता.

आता मुख्य स्क्रीन. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हाच धडा आम्हाला सगळ्यात महागात पडला.

आमच्या जुन्या आवृत्तीत वरचा आकडा 140 च्या पुढे गेला की सगळी स्क्रीन लाल व्हायची. डिझायनरला ते ठसठशीत वाटलं, मलाही. मग एकदा नोंदी चाळताना एका माणसाची रात्र दिसली: अकरा वाजता 152. दोन मिनिटांनी 158. मग 161. मग 167. सातवी नोंद पावणेबारापर्यंत झाली होती. त्या रात्री त्याचं बीपी आम्ही वाढवलं. घाबरला म्हणून पुन्हा मोजलं, वाढलेलं दिसलं म्हणून आणखी घाबरला. गंमत अशी की आमच्या डॅशबोर्डवर तो माणूस ‘अतिशय सक्रिय वापरकर्ता’ म्हणून हिरव्या रंगात झळकत होता.

त्यानंतर लाल रंग काढला. पहिलं रीडिंग आलं की स्क्रीन त्यावर काहीच बोलत नाही. फक्त ‘एक मिनिट शांत बसा, दुसरं घ्या’ एवढंच लिहितो. दोन्ही झाली की सरासरी. आणि मोठ्या अक्षरात आजचा आकडा नाही, आठवड्याची सरासरी. आजचा खाली, लहान. घरच्या मोजणीत सरासरी 135/85 च्या वर गेली तर जास्त असं अनेक देश मानतात. अमेरिकेतल्या 2017 च्या शिफारशींनी ती रेषा 130/80 वर आणली. आपण त्या वादात पडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं लक्ष्य भरायची जागा ठेवा आणि रेषा तिथे ओढा.

अपवाद एकच. 180/120 च्या वर आकडा गेला तर वेगळी स्क्रीन हवी. आलेख नाही, सल्ल्यांची गर्दी नाही. शांत बसून पुन्हा मोजा. छातीत दुखतंय, दम लागतोय, हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटतेय, बोलायला किंवा दिसायला त्रास होतोय, तर आत्ता आपत्कालीन नंबर लावा. तसं काही नसेल आणि आकडा दुसऱ्यांदाही तेवढाच आला, तर आजच डॉक्टरांना कळवा. हा मजकूर आपल्या डॉक्टर सल्लागाराकडून तपासून घ्या. ही स्क्रीन इंटरनेटशिवाय, लॉगिनशिवाय आणि सबस्क्रिप्शन संपलेलं असतानाही चालली पाहिजे. यावर वाटाघाट नाही.

मोजण्याआधीची तयारीही डिझाइनमध्येच येते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या पातळीवर, अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही, लघवीला जाऊन आलेलं, आणि पाच मिनिटं गप्प बसलेलं. आम्ही पाच मिनिटांचा टायमर सक्तीचा केला तर लोक ॲपच बंद करायला लागले. मग टायमर वगळायची मुभा दिली, पण त्या नोंदीला ‘न बसता’ अशी खूण लावली. भांडण मिटलं आणि डॉक्टरांना हे आपोआप कळायला लागलं की शुक्रवारचा तो उंच खांब कशामुळे आहे.

नोंद भरायला फिरती चक्रं देऊ नका, साधा मोठा कीपॅड द्या. खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा आला तर विचारा, स्वतःहून अदलाबदल करू नका. हाताने भरणारे लोक आकडे गोल करतात, 138 चं 140 करतात, 143 चंही 140 करतात, म्हणून जमेल तिथे ब्लूटूथचं मशीन जोडा. मानक ब्लूटूथ सेवा आहे आणि बरीच मशीनं ती पाळतात. पण दोन खड्डे सांगून ठेवतो. पहिला: बॅटरी बदलली की काही मशीनचं घड्याळ मागे जातं, आणि आजची नोंद जुन्या सालात जाऊन बसते, मशीनची तारीख आणि फोनची तारीख जुळत नसेल तर विचारल्याशिवाय साठवू नका. दुसरा: घरात एक मशीन आणि मोजणारे दोघे. नवऱ्याचं 150 बायकोच्या आलेखात जातं. मशीनमध्ये ‘वापरकर्ता 1’, ‘वापरकर्ता 2’ असतं, पण ते बटण कुणीही दाबत नाही. आम्ही प्रत्येक नोंदीवर दोन नावं दाखवून ‘हे कुणाचं?’ एवढंच विचारतो. एक जादा टॅप, पण आलेख खरा राहतो.

चालण्या-धावण्याचा भाग घेणारच असाल तर एक धोका लक्षात ठेवा. बहुतेक ॲप्स 220 वजा वय करून ‘कमाल ठोके’ काढतात आणि त्याच्या टक्क्यांवर माणसाला ढकलतात. हृदयरोग्यांपैकी अनेकजण बीटा ब्लॉकर घेतात. त्या गोळीने ठोके मुळातच कमी राहतात. असा माणूस धापा टाकत असतो आणि ॲप सांगतं, ‘अजून जोर लावा’. अशांसाठी ठोक्यांचं लक्ष्य बंद करा आणि चालताना नीट बोलता येतंय का, एवढंच विचारा.

सूचनांच्या शब्दांबद्दल एक. ॲपलच्या घड्याळावरचा मोठा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. 4,19,297 माणसं होती. अनियमित नाडीची सूचना मिळाली फक्त 0.52 टक्क्यांना. त्यातल्या ज्यांनी नंतर छातीला ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा आजार, सापडला. याचा अर्थ बाकीच्या सूचना खोट्या होत्या असा नाही; ही गोष्ट येते-जाते आणि पॅच नंतर लावलेला होता. पण सूचना लिहिणाऱ्याने यातून हे घ्यावं की ‘तुम्हाला अमुक आजार आहे’ असं वाक्य कधीच लिहायचं नाही. काय दिसलं, किती वेळा दिसलं आणि पुढे कुणाला दाखवायचं, एवढंच.

या सगळ्याचा गाभा कुठला, तर डॉक्टरांसमोर जाणारा एक कागद. सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन अशा मोजण्या घ्यायच्या, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची, ही युरोपातल्या रक्तदाब तज्ज्ञांची रूढ पद्धत आहे. आमचं सगळं ॲप शेवटी याच सात दिवसांभोवती उभं राहिलं. कागदावर सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, किती मोजण्या झाल्या, सगळ्यात वरचा आणि खालचा आकडा, गोळी कधी बदलली त्याची रेघ. बस. आमच्या पहिल्या पीडीएफला चौदा पानं होती आणि पहिल्या पानावर सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमचा लोगो. एका डॉक्टरांनी तो उलटापालटा करून विचारलं होतं, ‘यात बीपी कुठंय?’

आता पैसे.

जाहिराती काढून टाका. 161 आकड्याखाली ‘बीपी मुळापासून घालवा’ अशी पुडी विकणारी जाहिरात येणार आणि ती रोखणं तुमच्या हातात नसणार. त्याहून मोठं म्हणजे जाहिरातीसोबत येणारा परका कोड. तो काय बाहेर पाठवतो हे तुम्हालाही धड माहीत नसतं. 2023 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या गुडआरएक्सला 15 लाख डॉलरचा दंड लावला आणि ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पला 78 लाख डॉलर भरायला लावले. ॲपलच्या हेल्थकिटमधून, म्हणजे आयफोनवरच्या आरोग्याच्या नोंदी ॲप्सना देणाऱ्या सोयीतून, आलेली माहिती जाहिरातीसाठी वापरायला तर सरळ मनाई आहे. विश्लेषणासाठी जोडलेली फुकट साधनंही एकदा तपासा. ‘उच्च बीपी स्क्रीन उघडली’ असं घटनेचं नाव बाहेर गेलं तरी माहिती फुटलीच.

सबस्क्रिप्शन चालतं, पण काय मोफत आणि काय विकत याची रेघ कुठे ओढता त्यावर. नोंद करणं, जुन्या नोंदी बघणं, धोक्याची स्क्रीन आणि स्वतःची माहिती बाहेर काढणं कायम मोफत. माणसाचेच आकडे अडवून त्यालाच विकायचे नाहीत. विकायचं ते तुमचं कष्टाचं काम: डॉक्टरांचा कागद, घरातल्या अनेकांची खाती, गोळ्यांच्या वेळा आणि आकडे यांची सांगड, आणि घरच्यांसोबत वाटून घेणं.

शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आमच्याकडे पैसे भरणारा आणि मोजणारा बऱ्याचदा एक नसतो. आई मोजते, दुसऱ्या शहरातली मुलगी भरते. आम्ही सुरुवातीला प्रत्येक रीडिंग लगेच मुलीच्या फोनवर पाठवायचो. मुलीला आवडलं. मग लागले फोन: ‘आई, आज का वाढलं? गोळी घेतलीस का? लोणचं खाल्लंस का?’ तिसऱ्या आठवड्यात आईने मोजणंच बंद केलं. अशी खाती रद्द होताना बघून आम्ही उलट केलं: काय दिसावं हे आई ठरवते, मुलीला आठवड्याचा गोषवारा जातो, आणि लगेच कळवायचं ते फक्त आईने मान्य केलेल्या मर्यादेपलीकडे. पैसे देणाऱ्याला कमी दाखवल्यावर नूतनीकरण वाढलं, कारण मोजणारी टिकली.

पैसे कधी मागायचे? ॲप उघडताच नाही. आणि वाढलेल्या आकड्यानंतर तर मुळीच नाही. मला ठाऊक आहे की त्या क्षणी खरेदी होते; आम्ही एकदा केलंय आणि परताव्याच्या मागण्या वाचल्यात. सात दिवसांची मालिका पूर्ण झाली की त्याच माणसाच्या आकड्यांचा तयार कागद दाखवा आणि तिथे विचारा. पहिला कागद फुकटच द्या. पुढची भेट दोन-तीन महिन्यांनी असते, तेव्हा तो पैसे भरायला परत येतो. सात दिवसांच्या चाचणीचा काही उपयोग नाही, मालिकाच सात दिवसांची आहे, महिनाभर द्या. वार्षिक योजना पुढे ठेवा, पण नूतनीकरणाच्या आधी आठवण करा आणि रद्द करायचं बटण दिसेल असं ठेवा. ॲपलच्या छोट्या व्यावसायिकांच्या योजनेत वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमिशन 30 ऐवजी 15 टक्के आहे, मात्र तिथे अर्ज करावा लागतो. गूगल प्लेनेही 2022 मध्ये सबस्क्रिप्शनचं कमिशन 15 टक्क्यांवर आणलं होतं. हिशेब यावर मांडा.

विमा कंपन्या आणि मोठ्या नोकरदात्यांकडे पैसा आहे, पण विक्रीला वर्ष जातं आणि तिसऱ्या बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘प्रत्येक माणसाचे आकडे आम्हाला वेगळे दिसतील का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर निम्मे गळतात. गळू द्या. दवाखान्यांना विकताना वेगळा प्रश्न येतो: रात्री दोनला आलेला 185 चा आकडा कोण बघणार? करारात ते लिहिलेलं नसेल तर तो भार तुमच्यावर येतो. ॲप ‘उपचार’ म्हणून मान्य करून घ्यायचा मार्गही आहे. जर्मनीत 2020 पासून डॉक्टर ॲप लिहून देऊ शकतात आणि आरोग्य विमा पैसे देतो. पण एफडीएची मान्यता मिळवलेली, ॲपमधून उपचार देणारी अमेरिकी कंपनी पेअर थेरप्युटिक्स 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण मान्यता मिळाली तरी पैसे देणारे मिळेनात. दोघांनी त्या वाटेला सध्या जाऊ नये.

मशीन विकून कमिशन घ्यायचं असेल तर स्ट्राइड बीपीसारख्या तपासलेल्या मशीनांच्या यादीबाहेरचं काही सुचवू नका, आणि कमिशन मिळतं हे तिथेच लिहा.

रोज किती लोक ॲप उघडतात, हा आकडा भिंतीवर लावू नका. ज्याचं बीपी आटोक्यात आलं त्याने कमी मोजणं हेच बरोबर. ‘सलग 40 दिवस’ असली बक्षिसं आम्ही काढून टाकली. आता किती मालिका पूर्ण झाल्या आणि किती कागद डॉक्टरांपर्यंत गेले, एवढंच मोजतो.

चाचणीसाठी साठीच्या पुढची पाच माणसं बोलवा आणि खरा पट्टा दंडाला बांधून ॲप हातात द्या. आमच्या ऑफिसात सगळे दोन्ही हातांनी फोन धरून बघत होते. पट्टा बांधला की एक हात टेबलावर अडकतो, चष्मा बऱ्याचदा दुसऱ्या खोलीत असतो, आणि ‘जतन करा’ हे बटण आम्ही वरच्या कोपऱ्यात ठेवलं होतं.